चार नंबरच्या तारेवरची नोंद

मी, अरुंधती त्र्यंबक सोहोनी, वय सव्वीस, गणिताची पदवीधर, कारखान्यातील संगणकाची चालक, राहणार तळेगाव, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहिते. दडपण आणले गेले. त्यात उजव्या हाताची दोन बोटे मोडली. म्हणून अक्षर डाव्या हाताचे आहे. डोके शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. घरातला माझा हिस्सा व पोस्टातली शिल्लक आई इंदिराबाईंना. माझ्या लग्नासाठी जमवलेली भांडी तिने आता वापरायला काढावीत.

२. पुस्तके कार्ल्याच्या शाळेला. समासात मी पेन्सिलीने लिहिलेले बरोबर आहे. छापलेले काही ठिकाणी चूक आहे.

३. व्यवस्थापक केशवराव साठ्ये यांना माझ्या तीन अर्जांच्या प्रती. त्यांत लिहिले होते: आपले यंत्र टेलिफोनच्या तारेने मुंबईच्या संगणकाला जोडलेले आहे. आत शिरायला प्रत्येकाचा गुप्त शब्द असतो, पण तो टाइप करताच कागदावर छापून येतो. तो कागद आपला शिपाई रद्दी म्हणून कार्ल्याच्या भजीवाल्याला देतो. बॉयलरवरचे सीताराम गवारी यांचा शब्द मी तेलाच्या डागाखाली वाचला. शिवाय नोंदीची तारीख नोंद करणाराच टाइप करतो, हवी ती घालता येते. केशवराव हसले. "अरुंधतीबाई, भजी खाणारा चोर तारेवरून चालत मुंबईला जाणार का?"

४. ५ सप्टेंबरला सकाळी दहा वाजता बॉयलर फुटला. वाफेची झडप अडकते, हे सीतारामांनी केशवरावांना आधीच सांगितले होते. सीतारामांच्या हाताखालचे भिमाजी भिंतीवरून खरवडून काढावे लागले, मी पाहिले. सीताराम पाठभर भाजले. दुपारी यंत्रात आदल्या दिवसाची नोंद निघाली, "झडप तपासली, ठीक", खाली नाव सीतारामांचे. भिमाजींच्या भावकीने सीतारामांना इस्पितळाच्या खाटेवरून ओढून तुडवले. आता ते कोठडीत आहेत.

५. मुंबईचे यंत्र प्रत्येक नोंदीला स्वतःचा क्रमांक आणि तारेचा नंबर लावते. ते कोणालाही टाइप करता येत नाहीत. या नोंदीचा क्रमांक स्फोटानंतरचा आहे. तार चार नंबरची, म्हणजे कारखान्याच्या खंडाळ्याच्या बंगल्यातल्या यंत्राची. तिथे केशवराव एकटे राहतात. सीताराम तेव्हा बेशुद्ध होते. मूळ कागद सीलबंद करून वकिलांकडे ठेवला आहे.

६. केशवरावांचा ड्रायव्हर मारुती याला काही नाही. माझा हात त्याने जीपच्या दारात धरला. "सोमवारी स्फोटाच्या चौकशीला गेलात बाई, तर पुढल्या खेपेला मान घालीन." दार त्याने दोनदा आपटले. एकदा पुरले असते.

७. सोमवारच्या आधी मी मेले तर, कारण काहीही सांगितले जावो, शवविच्छेदन पुण्यात करावे. सीलबंद कागद व हे मृत्युपत्र चौकशीत वाचावे. रडणे त्यानंतर.

८. सीतारामांच्या पत्नी भागुबाई आंदर मावळातून चालत आल्या. "बाई, तुमच्या मशीननं माज्या धन्याला खुनी केलं. आता तुमीच सोडवा, न्हाईतर मला बी तितंच कोंडा." भीती वाटत नाही का, असे मी विचारले. "वाटती की, लय वाटती. पन म्या भ्याले म्हनून त्यो सुटतोय व्हय?"

त्यांना मी काहीही ठेवलेले नाही. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने त्यावर साक्ष घालू नये, असे वकील सांगतात. मला त्यांची साक्ष हवी आहे.

सोमवारी जिवंत असले तर हा कागद मी स्वतः उभी राहून वाचणार आहे.

लोणावळा, शुक्रवार, १४ ऑक्टोबर १९७७

अरुंधती त्र्यंबक सोहोनी (डाव्या हाताने)

दोन्ही साक्षीदारांनी माझ्या व एकमेकांच्या देखत सही-अंगठा केला:
१. डॉ. सोपान काशिनाथ टिळेकर (सही)
२. भागुबाई सीताराम गवारी (अंगठा, मजकूर दोनदा वाचून घेतला)