मसाल्याच्या जाहिरातीतला धवला

३ एप्रिल
संध्याकाळी गवार निवडताना टीव्हीवर मसाल्याची जाहिरात लागली. पाटा, लाल मिरच्या, वाफ. मागे एक बाई गाते. हात थांबला. चाल सोनाआत्याची. आवाज तिचा नाही, कुणा तरुण मुलीचा, धुऊन इस्त्री केलेला. पण चाल तीच. ओळीच्या शेवटी सूर अलगद खाली सोडायचा, तेही तसंच.
शेजारच्या रुखसानाभाभी डबा परत द्यायला आल्या होत्या. दारातच थांबल्या. म्हणाल्या, "ये तो आपकी फूफी का गाना है ना? दिघाशी की शादी में सुना था." म्हणजे भास नाही.
आणि मला भूक लागली. खरोखर लागली. राग त्याचाच जास्त.

४ एप्रिल
सकाळी मोबाईलवर शोधली. खाली लिहिलंय 'ओरिजिनल म्युझिक', पुढे एका संगीतकाराचं नाव. लोक लिहितात, आईचं स्वयंपाकघर आठवलं, डोळ्यांत पाणी आलं. एका शहाण्याचा लेखही आहे, की खाण्याच्या जाहिरातीला उसनं सिनेमाचं गाणं नको, स्वतःची नवी चाल हवी, ती थेट पोटात उतरते.
नवी. आत्याला सासूने शिकवली, सासूला तिच्या सासूने. हळदीला धवलारीण मांडवात बसते आणि धवला गाऊन एकेका देवाला नावाने बोलावते. 'या' म्हणते. त्या 'या'चीच ओढ आहे चालीत, म्हणून तर पोटात उतरते. तिच्यावर मिरची पूड विकायची?
सु. म्हणाला, निदान लोकांच्या कानावर तरी गेलं. मी त्याच्याशी दुपारपर्यंत बोलले नाही. नवऱ्याला काय जातं समजूत घालायला.

६ एप्रिल
जाहिरात कंपनीतल्या तन्वीला फोन केला. आवाज गोड. "ताई, ते रेकॉर्डिंग फक्त रेफरन्ससाठी होतं. आणि लोकसंगीत तर सगळ्यांचंच असतं ना?"
सगळ्यांचं, तर मग नाव एकाचंच कसं? हे सुचलं फोन ठेवल्यावर. नेहमीसारखं.
तिला आत्याचं गाणं रेकॉर्ड करायला दिघाशीला नेलं कुणी? मीच. दिवाळी अंकातला माझा धवलारणींवरचा लेख वाचून ती आली. किती हुरळले होते मी. 'आपल्या बायकांचा आवाज बाहेर पोचला पाहिजे' हे माझंच वाक्य. छापील.

९ एप्रिल
दिघाशीला गेले. एकवीसला प्रणालीची, माझ्या भाचीची, हळद. धवलारीण अर्थात सोनाआत्या, बाबांची चुलत बहीण. आमच्या घरात तिच्याशिवाय हळद लागलेली नाही.
ओटीवर पोरं नाचत होती, "आत्ये, मसाल्याचं गाणं बोल ना!" आत्या तांदूळ पाखडत होती. वर बघितलं नाही.
मी तावातावाने सगळं सांगितलं. चोरी, नाव, कंपनीला पत्र, गरज पडली तर वकील. तिने पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "नाव घेवून काय करू गो? माझ्या सासूचं नाव तरी कुठं लिवलंय."
मग राग कशाचा, विचारलं. सूप खाली ठेवलं तिने.
"देवांना बोलावलं न् बसवलं न्हाय. उंबऱ्यान उभं हायत ते. रोज बोलावतान, रोज उभं ठेवतान."
मी म्हटलं, त्यांनी वीस सेकंदांत कापलं, त्यांना काय कळतंय.
"कापलं त्यांनी न्हाय. तू माझ्या मांडीवर हात ठेवलास."
हळदीला दुसरी बघा म्हणाली. आणि चहा टाकायला आत गेली, जसं काही झालंच नाही.

१० एप्रिल
हात ठेवला होता. आठवतंय. त्या रेकॉर्डिंगच्या दिवशी तन्वीची गाडी पूर्ण्याच्या गोदामांपाशी ट्रकांच्या मागे अडकली, यायला उशीर, म्हणून तिला परत जायची घाई. फोनवरचं रेकॉर्डिंग केव्हाच बंद करून ती बॅग भरत होती. आत्या डोळे मिटून गातेय. मलाच लाज वाटायला लागली. आत्याची, की तन्वीसमोर माझी? मी हलकेच हात ठेवला. म्हटलं, बास आत्या, झालं त्यांचं काम.
ती ओळीच्या मध्यावर थांबली. मी तिला पाणी आणून दिलं. केवढी काळजी.
आठवडाभर दुसऱ्यांवर चिडले. सोपं होतं.

१४ एप्रिल
माझ्या फोनवरच्या तक्रारीला कंपनीचं लेखी उत्तर. 'परंपरेतून प्रेरणा घेतलेली स्वतंत्र रचना.' वर मसाल्याचं खोकं पाठवतायत, आत्यासाठी. जिचा मसाला अर्धी दिघाशी मागून नेते तिच्यासाठी. खोकं पाठवू नका, असं लिहिलं. आणि लिहिलं की गाणं अर्धं आहे. वापरायचं तर दिघाशीला या, पूर्ण ऐका, मध्ये कुणी उठायचं नाही. नाहीतर जाहिरात बंद करा.
आत्याला न विचारता लिहिलं. पुन्हा तेच केलं की काय मी?

१५ एप्रिल
आत्याला फोन केला. आधी पत्र लिहिलं, मग विचारतेय, तेही कबूल केलं. तिच्या मागे टीव्हीवर जाहिरात लागलेली, ऐकू येत होती. संपली. आणि आत्या बारीक आवाजात पुढचं म्हणायला लागली. मला नव्हे, त्यांना. जे उभे आहेत त्यांना. दोन-तीन नावं झाली असतील, मग तिने फोन ठेवला. हळदीचं काही बोलली नाही. भाऊ दुसरी धवलारीण शोधतोय. मिळालेली नाही.

१६ एप्रिल
तन्वीचा मेसेज. "ताई, वर विचारते. पूर्ण गाणं साधारण किती मिनिटांचं आहे?"
दुपारपासून उत्तर लिहितेय, खोडतेय. धवल्यावर आठ पानं छापून आलीत माझी.
शेवटपर्यंत मी एकदाही बसलेले नाही. हळदीला दर वेळी जेवणाची पानं मांडायला उठते.
उद्या पहिल्या एसटीने दिघाशी. गाईल का, माहीत नाही. तिच्यासमोर जाऊन बसणार, एवढंच.