तुमच्या पाच ओळींवरची फवारणी

प्रिय आत्याबाई,

उद्या येळवस, रानातल्या पूजेची अवस, तुमच्याशिवायची पहिली. आंबिलीच्या कण्या चुलीवर शिजतायत, पण माझे डोळे समोरच्या राधाच्या दाराला लागलेत. दाराला कुलूप आहे. ती घाटनांदूरच्या बाजाराहून परत येईपर्यंत मला कुणाकडं तरी कबुली द्यायचीच आहे. आणि तुमच्याइतकं हक्कानं मला रागावणारं आता उरलंय कोण?

तुमच्या पाच ओळी मी फवारल्या. चार दिवस झाले.

हो, त्याच! बांधालगतच्या हरभऱ्याच्या. येळवशीला अख्खं गाव एकमेकांच्या रानात जेवतं, येईल तो न विचारता टहाळ उपटतो, शेंडे खुडतो. म्हणून तेवढ्या ओळींना तुम्ही कधी औषध लागू दिलं नाही. मध्ये ज्वारीचे चार दाणे टाकायच्या. ताटं वाढली की त्यांवर पाखरं बसायची आणि अळ्या वेचायची. मी हसायचे, "अळ्यांना माहेरपणाला आणता काय?" म्हणायचे. तुम्ही म्हणायच्या, "पाखरं पोटभर खात्यात, मानसं बिनघोर खात्यात. आनि काय पायजे?"

पण यंदाचं साल तुम्ही पाहिलं नाहीत. विहिरीनं दसऱ्यातच तळ दाखवला. मूग गेला, कापूस गुडघ्याएवढाच राहिला. उरला तो जमिनीतल्या ओलीवर पेरलेला हरभरा. आणि त्यात घाटे अळी! अर्धं अंग घाट्यात खुपसून, अर्धं बाहेर, बिनदिक्कत खात बसलेली. एकेका झाडावर चार-चार. मला अन्न गोड लागेना. शेवटी सोसायटीतून औषध आणलं आणि पंप पाठीवर घेतला. ह्यांनी विचारलं, "आईच्या वळी सोडायच्या न्हवं?" मी म्हणाले, "तिथल्याच अळ्या पुन्हा सगळीकडं पसरतील." खरंच तसं वाटलं हो! की तुमचं म्हणणं एकदाचं मोडून बघायचं होतं? नक्की सांगता येत नाही.

औषध वाईटच, असं मी म्हणणार नाही. मागं मावा आणि तुडतुड्यांनी कापसाची पानं चिकट झाली, आकसली, तेव्हा फवारणीनंच तो वाचला. तुम्हीसुद्धा बोंड हातात घेऊन मान डोलावली होतीत. ह्या हरभऱ्यातही दुसऱ्या दिवशी अळ्या खाली पडलेल्या दिसल्या. पण त्यांच्यासोबत मावा खाणारे ठिपक्यांचे ढालकिडेही पडले होते. मधमाशी तर एकही दिसली नाही.

आणि ह्यांचा तो दिवस मी कशी विसरले? वाऱ्याच्या तोंडाला उभं राहून कापूस फवारला आणि कोसळले. तोंडाला फेस! मी रडत बसले. तुम्ही सदरा फाडून काढला, साबणानं अंग धुतलं आणि अंबाजोगाईच्या दवाखान्यात निघताना माझ्यावर ओरडलात, "बाटली घे आदी! डाक्टरला काय दावशील?" तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण कोणतं औषध अंगात गेलं ते डॉक्टरला कळायला हवं, हे तुम्हालाच सुचलं.

आज सकाळी शेजारच्या गयाबाईंच्या अंगणात गेले, तर सुपात हरभऱ्याचे कोवळे शेंडे.

"कुठले हो हे?"

"तुज्या सासूच्या वळीतले. काल खुडले. तितं औषद नसतंय, सगळ्या गावाला म्हाईत हाय."

मी खरं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं! एवढंच म्हणाल्या, "म्हातारीच्या शब्दावर खुडत हुतो बाई आमी. आता कुनाच्या शब्दावर खुडायचं?" मग एकदम, "अगं, राधा बी हुती की माज्या संगं! तिनं तर वटी भरून नेलं."

राधाला सातवा महिना आहे, आत्याबाई. आंबट खायचे डोहाळे. हरभऱ्याचे शेंडे ती कच्चेच खाते, आणि टँकरच्या पाण्याच्या दिवसांत पाला धुतंय कोण? बाटलीसोबतच्या कागदावर लिहिलंय, फवारल्यावर किती दिवस पीक खाऊ नये ते. ते दिवस अजून सरलेले नाहीत. मी दहादा मोजले.

हे म्हणतात, "काय हुत न्हाई, उगं जीव टांगू नकू." टांगलेलाच आहे की! कालच खाल्लं असतं तर आज बाजाराला कशी गेली असती, अशी मी मनाची समजूत घालते. मग वाटतं, वाटेत खायला म्हणून सोबत नेलं असेल तर?

तुम्ही मला नुसतं "तेवढ्या वळी सोड" म्हणालात. गावाचा भरवसा त्या ओळींवर आहे, हे एकदा तरी सांगायचं होतंत ना!

उद्या रानातल्या कडब्याच्या कोपीतली पूजा झाली की मी जेवायला बसणार नाही. तुमचं लाल लुगडं त्या ओळींभोवती बांधीन आणि बांधावर उभी राहून येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन, "ह्यातलं खुडू नका, मी फवारलंय." येळवशीला पाहुण्याचा हात धरायचा! लाज वाटेल. वाटू दे. पुढच्या साली त्या ओळी पुन्हा तुमच्या, ज्वारीसकट. हा माझा शब्द. गावाला तो पटायला किती येळवशी जातील, ते ठाऊक नाही.

जीप थांबली. नवऱ्याच्या खांद्याचा आधार घेऊन राधा उतरतेय. नुसती दमलीय, की...?

उठते मी. बाटली पदरात घेतलीय.

तुमची सून,
कमल