शिवलेले पापड

माय, तुला जाऊन जमाना झाला, तरी त्या दिवसाचा राग राखेखालच्या विस्तवासारखा माझ्या पोटात तसाच आहे. आज गच्चीवर ज्वारीचे पापड घातले आणि राख उडाली.

पोलिस ॲक्शन नुकतीच होऊन गेली होती. निजाम गेला, आता आपलं राज्य आलं, असं जो तो म्हणायचा. आज शहरात गेलेला आपला गारखेडा तेव्हा सगळं शेतच. तू मालकीणबाईचं अंगण सारवायला जायचीस, मी शेपटासारखी मागं. आपल्या जातीचा हात त्यांना चालायचा नाही, पण त्याच हातानं सारवलेलं अंगण वाळलं की पवित्र. त्यावर धोतर अंथरून मालकीणबाई उडदाचे पापड घालायची. त्या दिवशी वारं सुटलं, धोतराचं टोक उडालं, एक पापड घरंगळला. मी धावले, झेलला, जागेवर ठेवला. मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"शिवलीस?" ओसरीवरून मालकीणबाई कडाडली. "आता हे कोण खाईल, तुझा बाप?" सगळेच्या सगळे पापड तिनं गाईपुढं ओतले. गाईला चालले.

आणि तू? शेणाचे हात जोडून म्हणालीस, "चुकलं लेकराचं, बाईसाहेब."

आपण घरी येतो. मी रडत नाही, नुसती तुझ्याकडं बघते. घरात होतं तेवढं ज्वारीचं पीठ तू शिजवतेस, तुझं एकुलतं धड लुगडं दारात अंथरतेस. एकेक पापड थापला की म्हणतेस, "लाव हात. ह्याला बी लाव. बोट उमटू दे." मग मला पोटाशी धरून कानात सांगतेस, "तुझं काय बी चुकलं नाय, बाई."

कानात का, माय? चुकलं ते चारचौघांत, आणि नाही चुकलं ते कानात? त्या बाईचा राग आलाच. पण तुझ्यावरचा जास्त टिकला. आपली चूल त्याच घरावर पेटायची, हे मला कळतं. कळून राग जात नसतो.

आज नातीला म्हटलं, "लाव हात प्रत्येकाला." ती म्हणाली, "का गं आजी?" मग मी गोष्ट सांगितली. माझ्या गोष्टीत तू हात जोडत नाहीस. शेणाचा हात कमरेवर ठेवून, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारतेस, "माझ्या लेकीचं काय चुकलं, ते सांगा." नात लई खूश झाली.

हे तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहिते. माझी लेकरंही हीच गोष्ट ऐकून वाढली. खरी मी कुणालाच सांगितलेली नाही.