हाक मारल्याशी मतलब

आत्याबाई, तुमची पणती चालायला लागली आणि घरातली एक वस्तू जागेवर राहत नाही. काल माझा चष्मा कणकेच्या डब्यात सापडला, तुमच्या नातवाचा मोजा फ्रिजमध्ये, दह्याच्या शेजारी. कुकरनं शिट्टी मारली की ही कमरेवर हात ठेवून त्याला "गप!" म्हणून दटावते, आणि तो गप झाला की माझ्याकडं अशी बघते, जसं काही हिच्याच धाकानं घर चाललंय. हा गुण कुणाचा ते मी सांगत नाही. तुम्हाला कळलं असेल.

हे समोरच्या फ्लॅटमधली बाई लिहून घेतेय. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे, तुम्हालाही येत नव्हतं. तिला सांगितलंय, बोलते तसं लिही, मधे गोड करू नको.

आम्ही आता चऱ्होलीत राहतो. लेक आणि सून दोघंही चाकणला कंपनीत. सून फर्स्ट शिफ्टला जाते, तेव्हा पोरगी झोपेत असते. उठली की मग दिवसभर ती आणि मी. सुनेचे जुने सेफ्टी शूज दारामागं पडलेत, त्यात ही पाय घालते, गुडघ्यापर्यंत बुडते आणि मला टाटा करते. मी विचारते, "कुठं निघालात बाईसाहेब?" म्हणते, "कंपी." मी म्हणते, "डबा?" मग विचारात पडते, एक पाऊल उचलते आणि तोंडावर आपटते. बूट तिथंच, ही पुढं. रडत नाही. उठून बुटालाच चापट मारते.

मी हसते. आणि हसता हसता मला माझा लेक आठवत नाही, आत्याबाई. या वयात तो काय काय करायचा हे मला माहीतच नाही. तेव्हा मी भोसरीला वर्कशॉपमधे सुटे भाग पुसून कागदात गुंडाळायला जायची, आणि चिंचवडच्या आपल्या एका खोलीत तो तुमच्यापाशी. तुमचे दोन्ही लेक तुम्हाला आई म्हणायचे, धाकटा, म्हणजे माझा दीर, मला वहिनी म्हणायचा. पोरानं तेच उचललं. तुम्ही आई, मी वहिनी. मला तो एकुलता एक, दुसरं कुणी आई म्हणायला झालंच नाही.

एक संध्याकाळ मला अजून दिसते. मी कामावरनं आलेय, हाताला ऑइलचा वास आहे, साबणानं जात नाही. तुम्ही सूप घेऊन तांदूळ पाखडताय. मी त्याला जवळ घेतलंय आणि म्हणतेय, "आई म्हण की रं मला, एकदा." तो तुमच्या तोंडाकडं बघतोय. तुम्ही सूप न थांबवता म्हणालात, "म्हणू दे की काय म्हणायचं ते. हाक मारल्याशी मतलब." दीर हसला, तुमचा थोरलाही हसला. मीपण हसले, काय करणार? तांदळातला खडा तुम्ही बरोबर टिपून बाहेर टाकलात.

पुढं शाळेत बाईंनी त्याला विचारलं, आई आली का? तो म्हणाला, नाही, वहिनी आलीय. बाई मला म्हणाल्या, पुढच्या वेळी आईला पाठवा. आणि तुम्ही गेलात तेव्हा तो आई गेली म्हणून ओक्साबोक्शी रडत होता, तर शेजारच्या चाळीतली एक म्हातारी माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणते कशी, "पोरकं झालं गं लेकरू. आता दिराला तूच बघ." मी हो म्हणाले. तेराव्याला लाडू वळताना मला एवढं हसू आलं, की पदर तोंडात कोंबावा लागला. लोकांना ते रडू वाटलं.

तो अजून वहिनीच म्हणतो. डोक्यावरचे केस मागं सरले तरी, "ए वहिनी, चहा टाक." सोसायटीत अर्ध्या जणांना मी त्याची भावजय वाटते.

मला आई म्हणणारी आली ती सून. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, मीठ कुठंय?" मी मीठ द्यायचं विसरून उभीच राहिले. तुम्हाला हसू येईल. हसा.

तर झालं असं. मागच्या महिन्यात सून शिफ्टवरनं आली, खांद्यावरची बॅगही न काढता दारातच गुडघ्यावर बसली आणि हात पसरून म्हणाली, "आई कुठंय गं? पिल्लूची आई कुठंय?" पोरगी वळली, डुलत डुलत माझ्याकडं आली, माझ्या गुडघ्यावर हात आपटला आणि म्हणाली, "आई." सुनेला ती नावानंच हाक मारायची, बाप मारतो तशी. आई मला. सुनेचं ऐकून.

लेक म्हणाला, "वहिनी, तुझं प्रमोशन झालं की!" सून हसली, बाथरूममधे गेली, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. ते हसू मला ओळखीचं आहे, आत्याबाई. मी ते वर्षानुवर्षं वापरलंय.

मी पोरीला शिकवायला बसले. मी आजी, ती आई. ऐकते कुठली! आई म्हणाली की मी ओ द्यायचं बंद केलं. तिनं पदर ओढला, लाटणं आणून माझ्या पायावर टाकलं, मी डोळे मिटले तर बोटानं माझी पापणी उघडून आत बघितलं, म्हातारी आहे का गेली. मग बापाच्या सुरात ओरडली, "ए वहिनी!" मला हसताना ठसका लागला. पण गंमत संपली की कळतं, हिला शिकवून भागणार नाही. घरात कानावर पडतं तेच ती बोलणार.

रविवारी सुनेला म्हणाले, "तू मला आजी म्हणत जा."

ती भाजी निवडत होती, थांबली. "असं कसं? मग तुम्हाला आई कोण म्हणणार?"

"मला सवय आहे," मी म्हणाले. "मेथी निवड."

दोन-चार दिवस तिची जीभ अडखळली, आ म्हणून थांबायची. आता सरावली. "आजी, औषध घेतलं का?" आणि पोरगी काल संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या सुनेच्या अंगावर पडली, आई आई करत. सून तिला घेऊन तिथंच पायपुसण्यावर बसली. कितीतरी वेळ उठली नाही. मी आत जाऊन चहा टाकला.

एवढंच करायला हवं होतं तुम्ही. एका खोलीत, लेकांच्या तोंडचा एक शब्द बदलायला हवा होता. तुम्ही मुद्दाम केलंत असं मी जन्मभर म्हणत आले. आता मला वाटतं, मुद्दाम काही करावंच लागत नाही, नुसतं तांदूळ पाखडत बसलं तरी होतं. म्हणून तुम्हाला माफ केलं असं समजू नका. माफ केलेलं नाही.

लिहिणारी बाई विचारतेय, याचं करू काय? म्हणलं, घडी घालून दे, मी ठेवते. शेवटी एवढं लिही, आणि हे सुनेला वाचून दाखवू नको. दुपारी घरात कुणी नसतं, पोरगी माझ्या मांडीवर पेंगते, आणि झोपेत कधी कधी जुन्या सवयीनं मला आई म्हणते. तेव्हा मी ओ देते.