रसवंतीसमोरची खूण

५ एप्रिल
व.चा ताप उतरला. बुधवारा बाजारात रसवंतीसमोर फोन वर धरला तेव्हा कळलं. पडद्यावर, हवेत पिवळी चौकट, आत तिच्या दोन ओळी: ताई, आता बरी आहे. औषध संपलं.
व. म्हणजे माझी धाकटी बहीण. वहीतही पूर्ण नाव नको.
फोन करायचा नाही असं ठरलंय. मागच्या वेळी तिच्या नवऱ्यानं, दि.नं, कुणाकडून तरी कॉलची यादी काढली आणि मैत्रिणीच्या घरातून तिला ओढत परत चांदनीला, त्याच्या घरी नेलं. या वेळी ती निसटली तेव्हा माझ्या ऋचानं हे ॲप दोघींच्या फोनवर टाकलं. खूण जिथे ठेवली तिथे जाऊनच दिसते, तीही आपण जोडलेल्या माणसालाच. आणि जोडायचं तर समोरासमोर उभं राहून फोनला फोन टेकवायचा. दि.ला हे काही जमणार नाही.
रसवाला म्हणाला, "मॅडम, रोज किसका फोटो खींचते हो?" पालीचा, म्हटलं. औषध घेऊन त्याच्या काउंटरवर ठेवून आले. व. नेते.

८ एप्रिल
शेजारी चैत्रगौरीचं हळदीकुंकू. आंब्याची डाळ झकास, पन्ह्यात वेलदोडा जास्त. गल्लीतल्या सगळ्यांनाच आता या ॲपचं वेड. दारादारांत हवेतल्या रांगोळ्या. कुंकू लावून झालं की फोनला फोन. चौदा जणी झाल्या. मंगलाताईसुद्धा, म्हणजे दि.ची आत्या. आपल्याच लालबाग मोहल्ल्यात राहते, तिला कसं टाळणार? हसून टेकवला. घरी येईपर्यंत पोट फुगलं होतं.

११ एप्रिल
व.ला उत्तर ठेवलं: गुरुवारी दुपारी एकला इथेच ये. आईनं कुरडया आणि थोडे पैसे पाठवलेत. बघायचंय तुला.
दोन महिने झाले तिचं तोंड बघून. राहते कुठे ते मी विचारलेलं नाही. दि. समोर बसून विचारायला लागला की मला खोटं जमत नाही, कान लाल होतात. त्यापेक्षा माहीतच नको.

१३ एप्रिल
ऋचानं सहज फोन हातात घेतला आणि ओरडली. "मम्मी, तूने सबको घरचे में डाल दिया? पागल आहेस का तू?"
जोडताना दोन चौकटी येतात, घरचे आणि ओळखीचे. ओळखीच्यांना नुसत्या दारावरच्या रांगोळ्या दिसतात. घरच्यांना सगळं, मी कुठेही ठेवलेलं. मला माहीत होतं. पण बाई कुंकू लावून समोर उभी, आपल्या फोनमध्ये डोकावून बघतेय, तिच्या देखत "ओळखीचे" कसं दाबणार? चौदाही वेळा "घरचे" दाबलं. पाचवीनंतर तर न बघताच.
व.च्या खुणा फक्त मलाच दिसतात. पण माझं उत्तर, दिवस-वेळेसकट, बुधवाऱ्यात किराण्याला गेलेल्या कुणालाही.
ऋचा म्हणते, काढून टाक त्यांना. मग प्रत्येकीला निरोप जातो, यांनी तुम्हाला घरच्यांतून काढलं. उद्या गल्लीत तोंड दाखवायचं कसं, हेच आधी मनात आलं माझ्या. लाज वाटते लिहायला.

१४ एप्रिल
उन्हात गेले. खूण पुसायलाही तिथेच उभं राहावं लागतं. पुसण्याआधी खाली आकडा होता: पाहिलं २.
एक व. दुसरी कोण? नाव दाखवत नाहीत, म्हणे सुरक्षेसाठी. कुणाच्या सुरक्षेसाठी ते त्यांनाच ठाऊक.
तिथेच उभ्या उभ्या चौदाही जणींना काढलं. मग नवी खूण ठेवली: गुरुवारी येऊ नकोस. कुणीतरी वाचलंय. चूक माझी. रसवाल्याला विचारलं, औषध घेऊन गेली का? "परसों आई थी." म्हणजे माझं उत्तर वाचूनच गेली. आता ती गुरुवारच्या आधी इकडे कशाला येईल?

१५ एप्रिल
गेले. पाहिलं ०.
परत येताना कोपऱ्यावर मंगलाताई. "काय मॅडम, आम्हाले घरच्यातून काढून टाकलं म्हणे?" मी म्हटलं, पोरीनं फोन बिघडवला. त्यांनी माझ्या कानांकडे बघितलं. मग हळूच, "वर्षा बरी आहे ना? लई सोसलं हो तिनं."
नाव लिहून गेले. जाऊ दे.
हे माया म्हणून होतं की खडा टाकून बघत होत्या? रात्रभर तेच एक वाक्य. दि.ला त्यांनीच लहानाचा मोठा केला. पण लग्नात व.ची ओटी भरताना रडल्या होत्या, तेही मी पाहिलंय.

१६ एप्रिल
शाळेतून दोनदा गेले. पाहिलं ०. रसवाल्याला सांगून ठेवलं, ती दिसली तर लगेच परत पाठव. तो म्हणाला, "मॅडम, कोई लफड़ा है क्या?" आहे, म्हटलं.

१७ एप्रिल, गुरुवार
साडेबारापासून समोरच्या भांड्यांच्या दुकानात. एक पातेलं सात वेळा बघितलं. पाऊण वाजता दि. आला. मोटरसायकल रसवंतीपुढे लावली, रस मागवला, प्यायला नाही. पुढे होऊन त्याच्याशी बोलत बसावं, तोवर व.ला लांबूनच तो दिसेल, असं मनात येऊनही मी दुकानातून हलले नाही. भित्री आहे मी.
दीड वाजला. व. आली नाही. त्याला फोन आला आणि तो घाईनं निघून गेला.
लगेच तिथे जाऊन फोन वर धरला. माझ्या खुणेखाली पाहिलं १. कधी पाहिलं ते कळत नाही.
चारला फोन वाजला: व.ने तुम्हाला घरच्यांतून काढलं आहे.

१८ एप्रिल
ऋचा म्हणते, अच्छा हुआ. मावशी शहाणी निघाली, तुझं वाचून आधी तुलाच काढलं. असंच असू दे. मी सुखानं शिव्या खाईन तिच्या. पण ते बटण दाबायला तिचा फोन हातात असला की पुरे, मग तो कुणाच्याही. काल दि.ला फोन कुणाचा आला होता?
आईनं सकाळी विचारलं, कुरडया आवडल्या का तिला? हो म्हटलं. फोनवर कान दिसत नाहीत.
उद्या पोलीस ठाण्यात जायचं, ती बेपत्ता आहे म्हणून लिहून द्यायला. फोटो लागतो. घरात व.चा लग्नानंतरचा एकटीचा एकही फोटो नाही, शेजारी दि. आहेच. त्यातल्या त्यात बरा घेतला आणि कात्रीनं त्याला कापला. तिच्या खांद्यावरचा हात राहिला. तो कापायला गेलं तर तिचाही खांदा जातो.