अमोनिया ०.७

६ ऑगस्ट, रविवार

पाण्यात हात घालण्याआधी सगळे प्लग काढायचे — विसरलो! झटका बसला नाही हे नशीब. शकुनच्या कागदावर पहिलंच वाक्य ते आहे, लाल शाईत, खाली दोन रेघा. कागद फ्रिजवर चिकटवून गेली. जाताना माझ्यासाठी एवढाच मजकूर. तोही माशांबद्दल.

वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, पंधरा दिवसांत येते, म्हणून नागपूरला गेली. आज सदतीस दिवस झाले. सासरे आता चष्म्याशिवाय पेपर वाचतात म्हणे.

कागदाबरहुकूम सगळं केलं. पाव टाकी पाणी नळीनं काढलं. तळाच्या खड्यांतली घाण त्याच नळीनं ओढली. काच आतून घासली, साबणाचा हात न लावता. कालपासून बादलीत भरून ठेवलेलं पाणी, त्यात क्लोरीन मारणारे थेंब, मग हळूहळू ओतायचं. शेवटी चाचणी. काचेच्या नळीत थोडं पाणी, त्यात थेंब, पाच मिनिटं थांबायचं, आलेला रंग कार्डाशी ताडायचा. पिवळा आला.

तिला कळवलं, "अमोनिया ०."

उत्तर आलं, "ठीक."

९ ऑगस्ट

स्वयंपाकाला येणाऱ्या शेफालीदी टाकीसमोर थांबल्या. "दादा, एतो माछ, एकटाओ खाबार नॉय?" एवढे मासे, आणि खायचा एकही नाही! रोज विचारतात. रोज हसतो. ऑफिस सोडलं तर दिवसात माझ्याशी बोलणारं माणूस हेच.

१३ ऑगस्ट, रविवार

शून्य. "ठीक."

१५ ऑगस्ट

सुट्टी. कॉलनीत झेंडावंदन, जिलबी, मग दिवसभर काही नाही. खुर्ची टाकीसमोर ओढून बसलो. पाच एंजल आणि काचेला चिकटून राहणारा एक काळा सकर. काळ्या पट्ट्यांची मोठी एंजल बाकीच्यांना कोपऱ्यात रेटते, तिला शकुन मुख्याध्यापिका म्हणते.

खरं तर आमचं भांडण झालंच नाही. तेच वाईट. जूनमध्ये जेवताना मी सांगितलं — कलकत्त्यात अजून तीन वर्षं, मुदतवाढीला होकार कळवलाय. ती म्हणाली, "कळवणार आहेस, की कळवलास?"

"कळवला."

ताट उचलून आत गेली. अर्धी पोळी तशीच होती.

सोळा वर्षांत चार बदल्या. चारही वेळा तिनं शाळा सोडली. रसायनशास्त्र शिकवायची, मुलं घरी यायची, वाढदिवसाला कार्डं द्यायची. इथे तर शाळाच मिळाली नाही. दोन वर्षं ती, हे क्वार्टर आणि ही टाकी. मला वाटलं, रमली.

२० ऑगस्ट, रविवार

आज एक गोष्ट केली. लिहायला लाज वाटते. पण इथे कोण वाचणार आहे!

रंग पिवळाच होता. शून्यच. पण पुन्हा ते "ठीक" बघवेना. लिहिलं, "अमोनिया ०.७."

दोन मिनिटांत उत्तर! अकरा ओळी. खाणं निम्मं कर, उरलेले दाणे तळाशी कुजू देऊ नकोस, एखादं पान सडलंय का बघ, उद्या पुन्हा मोज, घाबरून सगळं पाणी बदलू नकोस — माशांना एकदम बदल सोसत नाही. शेवटी, "मुख्याध्यापिका खातेय का?"

तीनदा वाचलं. मग चहा केला. बऱ्याच दिवसांनी चहा चांगला झाला.

२३ ऑगस्ट

०.६ कळवलं. सात ओळी.

२७ ऑगस्ट, रविवार

पुन्हा ०.७. तिनं विचारलं, नवं पाणी आणि टाकीतलं पाणी सारखंच कोमट असतं ना? हाताला लावून बघतोस की थर्मामीटरनं? थर्मामीटरनं, म्हटलं. आणि खरंच मग थर्मामीटर शोधून काढला. तिच्या ओढणीखाली होता, कपाटात. ओढणी तिथेच ठेवली.

३१ ऑगस्ट

०.६.

१० सप्टेंबर, रविवार

हे चुकतंय, कळतं मला. चव्वेचाळिसाव्या वर्षी आजारी न पडलेल्या माशांचा ताप सांगतोय बायकोला! आज फोनच करावा असं ठरवलं होतं. नंबर काढला. पण "हॅलो"नंतर काय? तू कधी येतेस, हे विचारलं तर ती म्हणेल, इथे थांबायचं मला विचारून ठरवलंस का? मग ०.७ लिहिलं, पाठवलं.

१६ सप्टेंबर, शनिवार

"टाकीचा फोटो पाठव ना."

एवढंच. पण अडीच महिन्यांत पहिल्यांदा तिनं काही मागितलं!

१७ सप्टेंबर, रविवार

सकाळपासून कामाला लागलो. फोटोत टाकी अशी दिसली पाहिजे की बघत राहावं. मासे बादलीत काढले. सगळं पाणी उपसलं. खडे तीन पाण्यांनी धुतले. फिल्टरमधला स्पंज काढला तर काय घाण! तपकिरी, बुळबुळीत. नळाखाली धरला, गरम पाण्यानं पिळून पिळून पांढरा केला. नवं पाणी भरलं, थेंब घातले, थर्मामीटर लावला. दुपारपर्यंत टाकी दुकानातल्यासारखी चकचकीत. शेफालीदीसुद्धा "बाह!" म्हणाल्या.

फोटो पाठवला.

"सुंदर दिसतेय." मग जरा वेळानं, "स्पंज कशात धुतलास?"

कागदावर होतं ते. टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळायचा, नळाखाली कधीच नाही. कशाला एवढं, असं वाटून सोडून दिलं होतं.

"काढलेल्या पाण्यात," लिहिलं.

१९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

दर्शनाला महाराष्ट्र निवासात गेलो. मोदक, झांजा, आपली माणसं. पाच जणांनी विचारलं, "वहिनी कुठे?" पाचही जणांना सासऱ्यांचे डोळे सांगितले. त्यातली प्राजक्ता देशपांडे म्हणाली, "अजून?" मी ताटात बघितलं.

संध्याकाळी घरी आलो तर पाचही एंजल वर. तोंडं पाण्याबाहेर काढून हवा गिळतायत. सकर तळाशी आडवा. चाचणी केली. दोन थेंब बाहेर सांडले, पुन्हा केली. हिरवा रंग. कार्डाशी धरला — दोन.

आता हे कुठल्या तोंडानं कळवू?

२० सप्टेंबर

सकाळी एक एंजल गेली. सर्वांत लहान. कडेला तरंगत होती.

लिहिलं, "अमोनिया २. एक मेली. स्पंज नळाखाली धुतला होता. गरम पाण्यानं. खोटं बोललो."

लगेच फोन वाजला. तिचा आवाज! मी काही बोलायच्या आत —

"खडेपण धुतलेस?"

"हो."

"सगळं पाणी बदललंस?"

"हो. फोटो चांगला यावा म्हणून."

ती हळू आवाजात म्हणाली, "अरे, त्या घाणीतच तर सगळं होतं. मासे पाणी खराब करतात, अमोनिया सोडतात. स्पंजातले, खड्यांवरचे जिवाणू तो संपवतात. ते वाढायला महिने लागतात, सुश्रुत. तू त्यांनाच धुऊन टाकलंस."

"मी स्वच्छ केलं म्हणून मेली?"

"आता ते नको. ऐक. खाणं बंद. हवेचा पंप पूर्ण जोरात लाव. आत्ता पाव टाकी बदल, संध्याकाळी पुन्हा पाव. एकदम जास्त नाही. थेंब नवीन पाण्यात, आधी. आणि कुणाकडे चालू टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधल्या स्पंजाचा तुकडा माग. वाळू देऊ नकोस."

"फोन ठेवू नकोस," मी म्हणालो.

नाही ठेवला. फोन खुर्चीवर, स्पीकर चालू. मी पाणी काढत होतो, मोजत होतो, ओतत होतो. ती मध्येच विचारायची — वर आहेत अजून? कल्ले लाल दिसतायत? मागे तिच्या घरातली कुकरची शिटी ऐकू आली. चाळीस मिनिटं. ऑफिसला उशीर होणार होता. झाला.

पाणी भरून झाल्यावर म्हणाली, "या वेळी खरं आहे, ते कळलं मला."

"कसं?"

"दोन म्हणालास. कार्डावर दोन आहे. ०.७ नाही. ०.६ पण नाही. शून्य, पाव, अर्धा, एक, दोन, चार. रंगाचे एवढेच चौकोन आहेत त्यावर."

कान तापले. "म्हणजे तुला —"

"पहिल्याच दिवशी."

"मग उत्तरं का देत होतीस?"

"तू का विचारत होतास?"

पंप घरघरत होता. ती म्हणाली, "संध्याकाळी मोज," आणि फोन ठेवला.

२१ सप्टेंबर

दोनच.

खालच्या मजल्यावरच्या अनिर्बाण घोषालांकडे टाकी आहे, हे शेफालीदींनी सांगितलं. त्याच जिन्यानं दोन वर्षं उतरतोय, आणि आज पहिल्यांदा घंटा वाजवली. स्पंजाचा तुकडा मागितला. भल्या माणसानं अर्धा स्पंज कापून पाण्यासकट पिशवीत दिला. वर शकुनबद्दल म्हणाले, "बौदी आमच्या नूपुरला केमिस्ट्री समजावून द्यायच्या. फार छान शिकवतात. मुलगी अजून आठवण काढते."

मला माहीत नव्हतं. दुपारी मी ऑफिसात असायचो.

२२ सप्टेंबर

अजून एक गेली. तीन एंजल उरल्या. मुख्याध्यापिका वरच्या कोपऱ्यात एकटी, कुणाला रेटत नाही.

२४ सप्टेंबर, रविवार

अमोनिया एक. सकर काचेवर परत चिकटला! तिला कळवलं. "छान." पुढे काहीतरी लिहीत होती, तीन टिंबं बराच वेळ हलत होती. मग थांबली.

२६ सप्टेंबर

सकाळी पाव टाकी पाणी, संध्याकाळी पाव. पाठ धरली आहे. बादल्या उचलताना रोज तोच प्रश्न डोक्यात — तू का विचारत होतास? मी कुठे काय विचारत होतो! आकडे सांगत होतो. तीन महिन्यांतले सगळे मेसेज आज वर सरकवत वाचले. एकदाही विचारलं नाही की जेवलीस का. बाबा कसे आहेत, तेसुद्धा नाही. तिनं मात्र दोनदा विचारलंय, तुझा खोकला गेला का? दोन्ही वेळा मी पाण्याचं तापमान लिहिलंय.

२८ सप्टेंबर

अमोनिया पाव. मासे खाली आले. चिमूटभर खाणं घातलं, संपवलं.

१ ऑक्टोबर, रविवार

मोजलं. ते कळवलं नाही. फोन लावला.

"शकुन, तुझं काय चाललंय?"

म्हणाली, "इथल्या शाळेत शिकवायला जाते. चार सप्टेंबरपासून. नववी आणि दहावी."

चार सप्टेंबर! म्हणजे मी ०.७ पाठवत होतो तेव्हा.

विचारलं, मुलं कशी आहेत? आणि ती बोलायला लागली. प्रयोगशाळेला खिडकी नाही, शौनक नावाचा मुलगा प्रत्येक समीकरण उलटं लिहितो, एक मुलगी डबा विसरते आणि हिचा खाते. मध्येच हसत होती. इतक्या आनंदात तिला इथे दोन वर्षांत एकदाही ऐकलं नव्हतं. कधी येतेस, हे मी विचारलं नाही.