पाहणाऱ्याचा मासा

ह्वानाविक,
२८ जून १९८७

चि. हाइनीस,

ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघं धडधाकट आहोत. तू जिवंत आहेस एवढं तरी दोन ओळींत कळवत जा.

गावभर बोंब झालीय की राकुलचा भाऊ जहाजभर पाहुणे घेऊन येतोय. चाळीस माणसं, आणि ती म्हणे पक्षी बघायला! आमच्या त्रोन्दुरला हे काही केल्या पटत नाही. तो म्हणतो, कड्यावरचे पक्षी आम्ही जन्मभर जाळ्यात धरले, माना मुरगाळल्या आणि खाल्ले, त्यांच्याकडे नुसतं बघायचे पैसे कोण देतो? मी म्हटलं, तू गप बस आणि त्या दिवशी आंघोळ कर. शनिवारी नाचाच्या घरात शेजारच्या योआनेसने त्याला डिवचलं की आता मेहुण्याच्या पाहुण्यांपुढे शेपूट हलव. झालं, आमच्या ह्याने त्याचा पुढचा दात पाडला. तुझ्या नावाला कोणी हात लावलेला त्याला खपत नाही, मग मला शर्ट धुवायला लागतात.

बारा पाहुणे माझ्याकडे जेवतील. वाऱ्यावर वाळवलेलं मटण, बटाटे, रुबार्बचा मुरंबा. देवमाशाचं मांस टेबलावर ठेवू नकोस असा निरोप धाडलास. अरे, ठेवायला आहे कुठे? दोन वर्षं आपल्या खाडीत कळप शिरला नाही, पिंपं कोरडी ठणठणीत पडलीत.

मासळीचा कारखाना बंद झाल्यापासून तरुण पोरं गाव सोडून चाललीत. तुझं जहाज दर पंधरवड्याला इथे लागलं तर तू निदान महिन्यातून दोनदा घरी जेवशील. आई गेल्यापासून नऊ वर्षं परक्यांच्या जहाजांवर झोपतोयस. मला तू इथे हवा आहेस, आडपडदा कशाला? त्रोन्दुरने वरची खोली रंगवलीय. मी सांगितलं नव्हतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
राकुलताई


'लोम्विगी' जहाज,
६ जुलै

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. मी जिवंत आहे, आणि जाडही झालोय.

मंगळवारी, चौदाला, दुपारी आम्ही नांगर टाकू. पाहुणे बरे आहेत. इंग्लंडच्या एक आजीबाई वादळातही टोपी काढत नाहीत. पण सगळ्यात गमतीचा केस्लर. जर्मनीतला शाळामास्तर, अंगाने मात्र लोहार. रोज जहाजाच्या टोकाला उभा राहून देवमाशांसाठी गातो, भसाड्या आवाजात. मी हसलो की पाठीत असा धपाटा घालतो की जेवण वर येतं. मला छोट्या म्हणतो. तीन वर्षं पैसे साठवून आलाय. खरं सांगू, मला त्याचा लळा लागलाय.

आता नीट ऐक. कॅप्टन लॉरित्सेनने मला बोलावून सुनावलं की हा एक दिवस सुरळीत गेला तर ह्वानाविक कायमचं यादीत, आणि एक जरी पाहुणा नाराज होऊन परतला तर पुन्हा नाव काढायचं नाही. तेव्हा भिंतीवरच्या सुऱ्या काढून ठेव. भावोजींना म्हणावं, देवमासे मारायच्या फुशारक्या त्या दिवशी नकोत. योआनेसच्या तोंडाला तर टाकेच घाला.

मलाही घरी यायचंय ताई. खोलीला रंग कुठला दिलाय?

भावोजींना नमस्कार. असाच जीव लावत राहा.

तुझा,
हाइनी


तोर्शाव्न, इस्पितळ,
२४ जुलै

हाइनी,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही. देव मला क्षमा करो.

मी काय पाहिलं ते लिहिते, म्हणजे धुकं होतं, कोणाला काही दिसलं नाही, असं तू स्वतःला समजावायला नको. पाहुणे माझ्या टेबलाशी होते. बाहेर आरोळी उठली, कळप आला, कळप आला! त्रोन्दुर हातातल्या चमच्यासकट उठला. घराघरांतून खुर्च्या पडल्याचे आवाज आले. पाहुण्यांना वाटलं आग लागली. होड्यांनी दगड मारमारून कळप खाडीत रेटला होता. पुढचं तुला सांगायला नको. माणसं छातीभर पाण्यात, शेपट्यांचे तडाखे, आकडे, सुऱ्या, आणि किनाऱ्यापर्यंत लाल झालेलं पाणी. आपण हे लहानपणापासून बघतो, मी पहिला तुकडा दात यायच्या आधी चघळला असेन. पण त्या दिवशी मी ते पाहुण्यांच्या शेजारी उभी राहून पाहिलं, त्यांच्या डोळ्यांनी. बायका किंचाळत होत्या. एक जण माझ्या चपलांवर ओकला. तुझा केस्लर बुटांसकट पाण्यात शिरला आणि मान कापलेल्या माशाला मिठी मारून बसला. ओढायला गेलेल्या योआनेसला त्याने उचलून फेकलं. कॅप्टनने बाकीच्यांना धक्क्याकडे पिटाळलं, हा मात्र हटला नाही.

मग सगळं शांत झालं. शेरीफसाहेब होड्यांच्या उतारावर चढले आणि रीतीप्रमाणे नाव पुकारलं. कळप पहिल्यांदा ज्याने पाहिला आणि वर्दी दिली, सगळ्यात मोठा मासा ज्याचा, तो दावुरचा मुलगा हाइनी, 'लोम्विगी' जहाजावरचा. अरे, माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना! तू वाळूवर उभा होतास, लोक तुझ्याकडे धावले, तुझे हात हातात घेतले, पाठ थोपटली. आणि तू हसलास. हसलास रे!

ते समजायला केस्लरला आपली भाषा यायची गरज नव्हती. तो लाल पाण्यातून उठला, वाळूतला लोखंडी आकडा उचलला आणि तुझ्यावर धावला. तू बघतच राहिलास. त्रोन्दुर मध्ये पडला. आकडा त्याच्या डाव्या डोळ्यात गेला.

तू दगड उचललास. पहिला घाव मला समजतो, मी जवळ असते तर मीच घातला असता. पण केस्लर तोंडावर पडला होता, हाइनी. आकडा हातातून सुटला होता. त्यानंतर तू आणखी दोनदा घातलास. योआनेसने तुला कंबरेला धरून ओढलं नसतं तर किती घातले असतेस?

डोळा गेला. काढावाच लागला. केस्लर शेजारच्या खोलीत आहे, अजून शुद्धीवर नाही, बायको उशाशी बसून असते. पोलीस गावात येऊन गेले. सगळं गाव एका तोंडाने म्हणालं, धुकं होतं. तूही इथल्या बंदरात हेच सांगितलंस आणि जहाजासोबत निघून गेलास. आणि आमच्या शहाण्याने काय करावं? डोक्याला बँडेज गुंडाळलेलं असताना पोलिसांना बोलावून सांगितलं की दगड मी घातला, तिन्ही वेळा. मला म्हणतो, पोराचं अख्खं आयुष्य पुढे पडलंय, आणि एका डोळ्याच्या माणसाला न्यायाधीश सांभाळून घेईल. केस्लर मेला तर किती वर्षं सांभाळून घेतील ते त्याने विचारलं नाही.

राकुल


बर्गेन,
५ ऑगस्ट

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र खिशात घेऊन फिरतोय. जेवण जात नाही.

वर्दी मी मुद्दाम दिली नाही, आईशप्पथ. सकाळी बेटाच्या टोकाला वळसा घालताना कळप दिसला. पाहुणे नाचत होते, केस्लरने मला मिठीत उचललं, रडत होता आनंदाने. त्याने खाली ठेवलं आणि मी आत गेलो, आणि माझा हात रेडिओवर गेला. बाबांनी काय शिकवलं आपल्याला? कळप दिसला की आधी ओरडायचं, मग विचार करायचा. मी आपल्या भाषेत बोललो, कोणाला कळलं नाही. बोलून झाल्यावर पाहुणे आठवले. पण वारा उत्तरेचा होता, मला वाटलं पलीकडच्या खाडीत हाकतील. दुपारी वारा फिरला.

आणि हसलो ते खरं आहे. नऊ वर्षांत गावाने माझं नाव पहिल्यांदा पुकारलं होतं.

दगडाचं मला आठवत नाही असं लिहिणार होतो. आठवतं. भावोजींच्या बोटांमधून रक्त येताना पाहिलं आणि पुढे थांबताच येईना.

कॅप्टन म्हणतो, गप्प राहा, प्रकरण आपोआप निवेल, तुझ्या मेहुण्याने स्वतःच्या बचावात केलं असं धरतील. मलाही तसं वाटतं. पगार पाठवतोय, औषधाला होईल. भावोजींना काय सांगावं कळत नाही. तू सांग काहीतरी माझ्या वतीने.

राग कमी झाला तर लिही.

तुझा,
हाइनी


ह्वानाविक,
१९ ऑगस्ट

हाइनी,

पैसे परत पाठवलेत.

केस्लर शुद्धीवर आलाय. जगेल, पण बोलताना शब्द सापडत नाहीत त्याला. उजवा हात चालत नाही. त्याच्या बायकोने सांगितलं की कोणी मारलं ते तो सांगू शकत नाही, त्याला तो अख्खा दिवसच आठवत नाही. मी तिला कॉफी नेऊन दिली. तिने घेतली. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टरांनी कोर्टाला लिहून दिलंय की दोन घाव माणूस पालथा पडल्यावर घातलेत. तेव्हा बचावाचं डोंबल! वकील म्हणतो, दोन वर्षं तरी जातील. सुनावणी चार सप्टेंबरला. त्रोन्दुर मेंढ्या कोणी भादरायच्या, होडीला डांबर कोणी लावायचं ते योआनेसला समजावून सांगतोय. एका डोळ्याने जिना उतरताना रोज पडतो, आणि मी धरायला गेले की खेकसतो.

तुझ्या वतीने मी त्याला काहीही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. तुला तोंड आहे.

आईने जाताना तुझा हात माझ्या हातात दिला होता, तो मी सोडलेला नाही. पण माझा दुसरा हातही कोणीतरी धरलेला आहे, हे लक्षात घे.

राकुल


तोर्शाव्न,
३ सप्टेंबर

ती. भावोजींस,

कृ. सा. न. वि. वि. मी काल रात्रीच्या बोटीने उतरलो आणि सकाळी पोलिसांकडे जाऊन सगळं सांगितलं. रेडिओचंही. त्यांना आधी खरं वाटेना. मग मी दगड कसा होता, कुठून उचलला, पुढे कुठे फेकला ते सांगितलं. आता मी इथेच आहे, त्यांच्या कोठडीत.

इथे येण्याआधी इस्पितळात गेलो होतो. केस्लरला सांगितलं की मी मारलं. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मला छोट्या म्हणाला. त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. त्याच्या बायकोला कळलं. तिने माझ्या थोबाडीत मारली, तिच्यात होता तेवढा जोर लावून.

तुम्ही मध्ये पडलात. माझ्यासाठी तुमचा डोळा गेला आणि वर तुम्ही तुरुंगातही निघाला होतात. एवढं माझ्याच्याने घेववत नाही. माफी मागायला तोंड नाही, तरी मागतो.

ताईला सांगा, मी जेवतो आहे.

आपला,
हाइनी


ह्वानाविक,
१५ नोव्हेंबर

चि. हाइनीस,

ताईचे अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि. आपल्या बेटांवरून तुला नेलं त्या डेन्मार्कच्या तुरुंगात थंडी असते का? मोजे पाठवलेत. लोकर आपलीच आहे, टोचेल, घाल.

अठरा महिन्यांची शिक्षा ऐकून मी कोर्टात रडले नाही, घरी आल्यावर रडले. गावात तुझ्यावर सगळे चिडलेत. धुकं होतं म्हणून शपथेवर सांगणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांनी पुन्हा बोलावून झाडलं. योआनेस तर चौकात म्हणाला की खोटं बोलायलाही ह्या पोराने सोबत केली नाही. तुझं जहाज आता इथे कधीच लागणार नाही, तेही तुझ्याच नावावर जमा आहे.

एक लिहायचं आहे. ऑगस्टचं पत्र मी चारदा लिहून फाडलं होतं. तू यावंस म्हणूनच ते लिहिलं, आणि ये असं एकदाही लिहिलं नाही, म्हणजे उद्या कोणी म्हणायला नको की हिने भावाला धाडलं. पण मीच धाडलं. दोघांपैकी एक घरी राहणार होता आणि मी माझा नवरा ठेवून घेतला. लहानपणी तुझं नाक मी पुसलंय, तुला तापात मांडीवर घेऊन बसलेय, आणि तरी मी हे केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन. हे तुला माझ्याकडूनच कळायला हवं.

त्रोन्दुर तुझं नाव काढत नाही. तू कबूल केल्याचं कळलं त्या दिवशी त्याने होडीघराचं दार लाथेने तोडलं. म्हणतो, मी शब्द दिला होता आणि पोराने मला जगापुढे खोटारडा ठरवलं. मी पत्र लिहितेय म्हटल्यावर बाहेर निघून गेला होता. आता येऊन मागे उभा राहिलाय आणि म्हणतो, कागद दे इकडे. देते.

तुझ्यावरचा जीव होता तिथेच आहे.

तुझी,
राकुलताई

ता. क.

हाइनी, तुझी बहीण लिहिते की मी तुझं नाव काढत नाही. बरोबर आहे, आणि तुला माफही केलेलं नाही. तू सुटशील त्या दिवशी मी धक्क्यावर असेन. आधी तुझ्या एक मुस्कटात ठेवून देईन, मग आपण घरी जाऊ. जागचा हलू नकोस, एका डोळ्याने माझा नेम चुकतो.

त्रोन्दुर